ट्रान्स ॲमचा पहिला अल्बम (१९९६): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एक अल्बम पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐकतो. मध्ये बोलायचं नाही, चहा आधी किंवा नंतर. ट्रान्स ॲम या अमेरिकन बँडचा पहिला अल्बम (गाणारं कुणी नाही, गिटारच्या दणकट रॉक रचना आणि मध्येमध्ये स्वस्त कीबोर्डच्या छोट्या रचना) लावला त्या रात्री चहा गार झाला तरी वाद संपेना, आणि तेव्हापासून फोनवर तेच तेच प्रश्न येत राहिलेत. प्रत्येकाला वेगळं लिहून हात दुखले, म्हणून एकदाच सगळं इथे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. हा बँड कुणाचा, कुठला? आधी कधी नाव ऐकलं नाही.

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, वॉशिंग्टनला चिकटून बेथेस्डा नावाचं उपनगर आहे. तिथले हे तिघे: गिटारवर फिलिप मॅन्ली, बेसवर नेथन मीन्स, ड्रमवर सबॅस्टियन थॉमसन. कीबोर्ड कुणा एकाच्या नावावर नाही. हात मोकळा असेल तो वाजवतो, आणि पुढे येणाऱ्या बऱ्याच गोष्टींचं मूळ यातच आहे. १९९०च्या सुमारास त्यांनी एकत्र वाजवायला सुरुवात केली. पहिला अल्बम १९९६ मध्ये 'थ्रिल जॉकी' या कंपनीकडून आला. बेट्टीना रिचर्ड्स यांनी ती कंपनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कला काढली आणि १९९५ मध्ये शिकागोला हलवली. ध्वनिमुद्रण जॉन मॅकेंटायर यांनी केलं. ते स्वतः शिकागोच्या 'टॉर्टस' या बँडचे ड्रमवादक. त्यांचं नाव लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये परत येतं.

नाव न ऐकण्यात तुमची चूक नाही. हा बँड कधीच लाखांच्या खपाचा नव्हता.

२. अल्बमचं नाव काय? शोधलं तर नुसत्या गाड्या येतात.

बँडचं जे नाव तेच अल्बमचं: 'ट्रान्स ॲम'. आणि हो, ते गाडीचंच नाव. पॉन्टिॲक कंपनीच्या फायरबर्ड गाडीचा हा दणकट अवतार १९६९ मध्ये आला आणि २००२ पर्यंत बनत राहिला. १९७७ च्या एका गाजलेल्या हॉलिवूडपटात काळी ट्रान्स ॲम उधळली आणि ती अमेरिकन तरुणांच्या भिंतीवरचं पोस्टर झाली. बॉनेटवर पंख पसरलेला भलामोठा सोनेरी पक्षी, इंजिनाचा घुमणारा आवाज, थोडा दिखाऊपणा. आपल्याकडे सायलेन्सर काढलेल्या बुलेटला जो मान आणि जी टिंगल एकाच वेळी मिळते, तेच तिथे या गाडीचं. नाव ठेवतानाच बँडने आपला पवित्रा सांगून टाकलाय, पण तो प्रश्न ९ मध्ये.

शोधताना बँडच्या नावापुढे 'थ्रिल जॉकी' जोडा, गाड्या गायब होतील.

३. यात गाणारं कुणीच नाही. मग ऐकायचं तरी काय?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा आला, आणि विचारणारे बहुतेक जण शास्त्रीय संगीत ऐकणारे होते. म्हणून त्यांच्याच घरातलं उदाहरण देतो. तबल्याचं एकल वादन आठवा. पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो: एकच ओळ, तीच तीच, तासभर. कुणी म्हणतं का की हा पेटीवाला तेच तेच काय वाजवतोय? तो समेची खूण धरून बसलाय हे आपल्याला ठाऊक असतं, आणि आपलं लक्ष तबल्याकडे असतं.

या अल्बममधल्या रॉक रचना तशा ऐकून बघा. गिटारचा रिफ, म्हणजे तो छोटा परत परत येणारा तुकडा, हा लेहरा समजा. मग कान आपोआप ड्रमकडे वळतो, आणि थॉमसन काय करतोय ते ऐकू यायला लागतं. रॉक ऐकताना आपली सवय उलटी असते: गायकावर लक्ष, बाकी सगळे त्याच्या मागे उभे. इथे पुढे कुणीच उभं नाही, त्यामुळे पहिली पाच मिनिटं चुकल्यासारखं होतं. दुसऱ्यांदा ऐकताना होत नाही.

४. 'स्वस्त कीबोर्ड' म्हणजे नक्की काय? आमच्या घरात पडलेला कॅसिओ?

बरोबर तोच, किंवा त्याचा भाऊ. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणतात, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. त्यामागे कारणही आहे. कॅसिओ ही गणनयंत्रं बनवणारी जपानी कंपनी. १९८० मध्ये तिने 'कॅसिओटोन २०१' काढून वाद्यांच्या धंद्यात पाय ठेवला, आणि तोपर्यंत श्रीमंत स्टुडिओत असलेला विजेचा स्वर वाढदिवसाच्या भेटीत येऊन बसला.

या यंत्रांची काही लक्षणं सांगतो, कारण अल्बम समजायला ती उपयोगी पडतात. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच येतो. बोटाचा भाव यंत्राला कळत नाही. आवाजाचे नमुने आधीच भरलेले: 'व्हायोलिन' दाबलं तर व्हायोलिनसारखं नाही, पण व्हायोलिन म्हणायचं असावं एवढं कळतं. लहरीचा आकार सोपा, कडा टोकदार, त्यामुळे स्वर पातळ आणि किंचित नाकातला. आत बोटभर स्पीकर, म्हणजे खर्ज जवळपास नाहीच. आणि सोबत तयार ठेके: वॉल्ट्झ, रुंबा, रॉक. 'रॉक'चं बटण दाबल्यावर जे वाजतं त्याला रॉक म्हणायला काळीज मोठं लागतं.

काही तर अक्षरशः खेळणी होती. कॅसिओचा 'व्हीएल-१' एका वेळी एकच स्वर काढायचा, त्याच्या पट्ट्या गणनयंत्राच्या बटणांसारख्या होत्या, आणि तो बेरीज-वजाबाकीही करून द्यायचा. 'एसके-१' वर तर स्वतःचा आवाज भरता यायचा, साधारण दीड सेकंद. आमच्या वर्गातल्या एकाकडे तो होता. शिंक भरून त्यावर जन गण मन वाजवल्याबद्दल त्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

५. पैसे नव्हते म्हणून स्वस्त वापरला असेल. त्यात एवढं कौतुक कशाला?

सुरुवातीला खिसा हे कारण असतंच. नव्वदच्या दशकात जुने कीबोर्ड अमेरिकेत घरातल्या अडगळीच्या विक्रीत कवडीमोलाने मिळत. पण अडचण म्हणून घेतलेली वस्तू आणि आवाज आवडला म्हणून ठेवलेली वस्तू यात फरक आहे, आणि तो कानाला कळतो. अडचण असती तर तो आवाज लपवला असता: प्रतिध्वनीत बुडवला असता, गिटारच्या मागे ढकलला असता. या अल्बममध्ये तो उघडा, कोरडा, समोर ठेवलाय. कीबोर्डच्या रचनांत गिटार बाजूला सरकते आणि ते पातळ यंत्र एकटं वाजतं.

स्वस्त यंत्रातून मोठं काहीतरी निघाल्याचं सर्वात चांगलं उदाहरण जमैकाचं आहे. कॅसिओचा 'एमटी-४०' १९८१ मध्ये आला. त्यातला 'रॉक' ठेका हिरोको ओकुदा या कंपनीत नुकत्याच लागलेल्या तरुणीने रचला होता. १९८५ मध्ये किंग्स्टनला वेन स्मिथ आणि निर्माते किंग जॅमी यांनी तोच तयार ठेका घेऊन 'स्लेंग टेंग' केलं, आणि रेगे संगीताचं वळणच बदललं. एका बटणामागचा ठेका! तेव्हा स्वस्तपणाला नाक मुरडण्याआधी जरा थांबावं.

६. गिटार आणि कीबोर्ड तर सगळेच बँड वापरतात. यात वेगळं काय?

याचं उत्तर लांबणार, कारण माझ्या मते अल्बमचा गाभा इथेच आहे.

रॉकमध्ये गिटार आणि कीबोर्डचा संसार साधारण दोन प्रकारे चालत आला. पहिल्या प्रकारात कीबोर्ड गिटारसारखा व्हायला बघतो. डीप पर्पल या बँडचे जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन सरळ गिटारच्या मार्शल ॲम्पमधून (आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून) वाजवायचे. गुरगुर इतकी की गिटार कुठली आणि ऑर्गन कुठला ते ओळखावं लागे. दुसऱ्या प्रकारात कीबोर्ड गालिचा होतो: मागे एक लांब मऊ स्वर पसरलेला, त्यावर गिटार चालते. टेक्सासच्या झेडझेड टॉप या बँडने १९८३ च्या 'एलिमिनेटर' अल्बममध्ये तिसरी वाट थोडी दाखवली. दाढीवाल्यांची दणकट बूगी गिटार आणि खाली यंत्राचा न थकणारा ठेका. पण तिथेही गाडी चालवणारी गिटारच होती, यंत्र चाकांत.

ट्रान्स ॲमने दोघांना एका घरात ठेवलं आणि स्वयंपाकघरं वेगळी केली. रॉक रचना येते तेव्हा ती अगदी सत्तरच्या दशकातली: जाड रिफ, मोकळे ड्रम, बेस गिटारला घट्ट धरून. ती संपते, आणि एक छोटी कीबोर्ड रचना सुरू होते, जिच्यात त्या मर्दानी दणक्याचा मागमूस नाही. टिकटिक, पिपाणी, एखादा साधा पाळण्यासारखा स्वरक्रम. मग परत गिटार. दोघांना एकमेकांत विरघळवून गोडसर मिश्रण करण्याचा मोह त्यांनी बऱ्यापैकी टाळलाय.

परिणाम असा होतो की कीबोर्डनंतर आलेली गिटार जास्त मोठी वाटते, आणि गिटारनंतर आलेला कीबोर्ड जास्त एकटा. तिखट भाजीनंतर ताकाचा घोट घेतला की ताक गोड लागतं, तसं काहीसं. आणि तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात आणखी एक गोष्ट लक्षात येते: गिटारचे रिफ हेही एक प्रकारे 'तयार ठेके'च आहेत. सत्तरच्या दशकातल्या रॉकने ते इतके वापरले की तेही बटण दाबल्यावर यावेत तसे झाले. कीबोर्डवरचं 'रॉक'चं बटण आणि गिटारवाल्याच्या हातातला रॉक, दोन्ही शेवटी साठवलेले नमुनेच. हे समोर आल्यावर मला हा अल्बम पुन्हा पहिल्यापासून ऐकावासा वाटला.

७. हे पोस्ट-रॉक ना? ठिकठिकाणी तसं लिहिलेलं असतं.

लिहिणाऱ्यांनी कंपनी आणि मित्रमंडळी बघून तसं लिहिलं. 'पोस्ट-रॉक' हा शब्द १९९४ मध्ये सायमन रेनल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने रूढ केला: रॉकची वाद्यं, पण काम रॉकचं नाही, वातावरणाचं, पोताचं. १९९६ मध्ये टॉर्टसचा दुसरा अल्बम आला, त्यातली एक रचना तब्बल वीस मिनिटांची होती, आणि शिकागो या प्रकाराची राजधानी मानली जाऊ लागली. ट्रान्स ॲम त्याच कंपनीत, त्याच वर्षी, टॉर्टसच्याच ड्रमवादकाच्या हातचं ध्वनिमुद्रण घेऊन आले आणि त्यांच्यासोबत दौऱ्यावरही गेले. शिक्का बसायला एवढं पुरेसं होतं.

पण कानांना विचारा. पोस्ट-रॉक रॉकच्या हावभावांपासून लांब पळतं. ट्रान्स ॲम त्याच हावभावांकडे धावत जातं. माझ्या मते एकाच वाड्यातले हे दोन वेगळे बिऱ्हाडकरू.

८. जर्मन बँडांचा उल्लेख सारखा का येतो?

ठेक्यामुळे. ट्रान्स ॲमचा ठेका ऐकून लोकांना जुने जर्मन बँड आठवतात. क्लाउस डिंगर हे डुसेलडॉर्फच्या 'नॉय' या बँडचे ड्रमवादक. १९७२ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये, पहिल्याच रचनेत, साधारण दहा मिनिटं एकच सरळ चौताली चाल आहे. चौताली म्हणजे चार मात्रांची, आपला चौताल नव्हे. याबद्दल पखवाज वाजवणाऱ्या एका काकांनी मला फोनवर झापलंय. या चालीला पुढे 'मोटोरिक' नाव पडलं. आपल्या भजनी ठेक्यात मधूनमधून लग्गी येते, ठेका लवतो, ऐकणारा हलतो. मोटोरिकमध्ये लग्गीच नाही. रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर रस्त्याच्या मधल्या पांढऱ्या रेघा एकसारख्या मागे जात राहतात, तशी ती चाल.

त्याच शहरातले क्राफ्टवेर्क. त्यांच्या १९७४ च्या 'आउटोबान' मध्ये तर विषयच महामार्ग होता. आता गाडीचं नाव घेतलेला बँड या दोघांकडे ओढला जाणं साहजिकच. फरक एवढाच की क्राफ्टवेर्कची यंत्रं त्या काळी महागडी आणि काही स्वतः जुळवलेली होती, यांची अडगळीतली.

९. हे सगळं टिंगल म्हणून केलंय की मनापासून? आम्हाला हसायचं की नाही ते कळेना.

आमच्या बैठकीतही यावरूनच भांडण झालं. निम्मे म्हणाले ही टिंगल आहे: गाडीचं नाव, 'फायरपोकर', 'एन्फोर्सर' अशी छाती फुगवलेली शीर्षकं, मध्येच खेळण्यांचे आवाज.

मला तसं वाटत नाही, आणि कारण वादनात आहे. टिंगल करणारा माणूस जे करतो ते थोडं वाईट करतो, म्हणजे आपण त्याच्याहून वर आहोत हे ऐकणाऱ्याला कळावं. इथे रिफ तंतोतंत, ड्रम अचूक, एकाही जागी डोळा मारलेला नाही. तमाशातला सोंगाड्या आठवा: तो हसवतो, पण ढोलकीच्या तोड्यावर त्याचा पाय एका मात्रेनेही चुकत नाही. हसायला आलं तर हसा. वॉशिंग्टनच्या त्या काळच्या वातावरणात हसू येणं हेच थोडं धाडसाचं होतं. त्या शहराचं रॉक म्हणजे १९८० मध्ये सुरू झालेली 'डिस्कॉर्ड' कंपनी, फुगाझी हा बँड, तत्त्वं, साधेपणा, स्वस्त तिकिटं. तिथे शेजारच्या उपनगरातून तीन पोरं गाडीचं नाव लावून जुन्या धाटणीचे दणकट रिफ वाजवत येतात. शाकाहारी पंगतीत सुक्याचा वास यावा तसं झालं असणार.

१०. ड्रम माणूस वाजवतोय की यंत्र?

दोन्ही. रॉक रचनांत थॉमसन स्वतः. कीबोर्डच्या रचनांत बऱ्याचदा यंत्राचा ठेका. ओळखायची सोपी खूण: झांजेचे लागोपाठचे चार-पाच आघात नीट ऐका. माणसाच्या हातचे कधीच अगदी सारखे नसतात, काठी दर वेळी केसभर वेगळ्या जागी पडते. यंत्राचे शिक्क्यासारखे एकसारखे. थॉमसन किती तयारीचे आहेत याचा पुरावा हवा असेल तर २०१३ पासून ते बॅरोनेस या जडजहाल मेटल बँडचे ड्रमवादक आहेत.

११. सुरुवात कुठल्या रचनेपासून करू?

पहिल्यापासून. 'बॉलबॅडोस'.

१२. शफलवर लावलं तर चालेल?

नाही. म्हणजे कायदा नाही, पण कीबोर्डच्या छोट्या रचना दोन दणक्यांमधल्या जागेसाठीच आहेत (का, ते प्रश्न ६ मध्ये). शफलवर त्यातली एखादी दुसऱ्याच कुणाच्या भावगीतानंतर आली तर फोन वाजतोय असं वाटेल. आमच्या एका मैत्रिणीने खरोखर फोन उचलला होता.

१३. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं, काही खास वाटलं नाही.

वाटणार नाही. मोबाइलच्या स्पीकरला खर्ज नसतो, त्यामुळे बेस जातो आणि गिटारही कीबोर्डइतकीच पातळ होते. मग दोघांत फरक उरत नाही आणि गंमतच संपते. साधा वायरचा हेडफोनही पुरे.

१४. गायकाविना रॉक हा यांचाच शोध का?

छे. रॉक वयात येत होतं तेव्हापासून तो प्रकार आहे. १९६२ मध्ये इंग्लंडच्या टॉर्नेडोज या बँडचं 'टेलस्टार' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. शब्द नाहीत, गिटार आहे, आणि मुख्य धून क्लॅव्हिओलिन नावाच्या छोट्या विजेच्या कीबोर्डवर. निर्माते जो मीक यांनी ते लंडनच्या हॉलोवे रोडवर, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या राहत्या घरात ध्वनिमुद्रित केलं. गिटार अधिक चमत्कारिक कीबोर्ड अधिक घरगुती जुगाड, सगळा मसाला तेव्हाच तयार होता.

आणि हे वाद्य मुंबईला त्याच्याही आठ वर्षं आधी ठाऊक होतं. १९५४ च्या 'नागिन' मधली बीन आठवते? हेमंत कुमार यांच्या संगीतातली ती बीन खरी बीन नाहीच. कल्याणजी यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. त्या आवाजावर नाग डोलतो यावर पिढ्यांनी विश्वास ठेवला. यंत्राच्या पातळ, नाकातल्या आवाजावर प्रेम करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, एवढंच म्हणायचंय.

१५. आमच्या गल्लीतली बेंजो पार्टीही गायकाशिवाय गिटार-कीबोर्डसारखंच वाजवते. मग फरक काय?

प्रश्न खवचटपणे विचारला होता, पण फार चांगला आहे.

साम्य खरंच आहे. मिरवणुकीतला बेंजो म्हणजे मुळात बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात, जे १९१२ मध्ये नागोयाला तयार झालं. टंकलेखन यंत्रासारख्या कळा आणि खाली तारा, म्हणजे अर्धी गिटार आणि अर्धा कीबोर्ड! त्याला पिकअप (तारांचा आवाज विजेत उतरवणारा तुकडा) लावून, कर्ण्यातून फाडून, सोबत कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड घेऊन जी गर्जना निघते तिच्यापुढे बरेच रॉक बँड मवाळ वाटतील.

फरक ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. बेंजोवर गाणं वाजतं, आणि ते गाणं आपल्याला पाठ असतं. तार छेडली की शब्द आपण मनात भरतो, नाचताना ओरडतोही. म्हणजे गायक आहे, फक्त तो गर्दीत विखुरलाय. ट्रान्स ॲमच्या रचनांत भरायला शब्दच नाहीत, कधी नव्हतेच. म्हणून त्या पहिल्यांदा परक्या वाटतात, आणि म्हणूनच बेंजोवाल्यांनी हा अल्बम ऐकावा असं मला फार वाटतं. कुणी ऐकलाच तर कळवा.

१६. घरी जुना कॅसिओ आहे, भावाकडे गिटार. असा आवाज आम्हाला काढता येईल?

येईल. अनुभवातून सांगतो, आमचीही एक ट्यूब उडालीये.

आधी वीज. जुन्या कीबोर्डचा ॲडॉप्टर हरवलेला असतो आणि आपण हाताला येईल तो लावतो. तसं करू नका. किती व्होल्ट आणि पिनच्या मध्यभागी अधिक की उणे, हे कीबोर्डच्या तळाला छापलेलं असतं. जुन्या कॅसिओंत पुष्कळदा मध्यभागी उणे असतं, आजच्या बऱ्याच ॲडॉप्टरांत अधिक. शंका असेल तर सेल घाला.

मग स्वर. जुन्या कीबोर्डची पट्टी थोडी सरकलेली असू शकते आणि सगळ्यांना ती जुळवायची सोय नसते. गिटारला असते. म्हणून गिटार कीबोर्डला लावा, उलटं नाही. तानपुऱ्याला गायक लागतो तसं.

जोडणी दोन प्रकारे. हेडफोनच्या भोकातून गिटारच्या ॲम्पमध्ये (स्टिरिओचं मोनो करणारी वायर घ्या, आवाज शून्यावर ठेवून हळूहळू वाढवा), म्हणजे कीबोर्डला दात येतात. किंवा कीबोर्डच्या स्वतःच्या बोटभर स्पीकरसमोर माइक धरा, म्हणजे तो जसा आहे तसा केविलवाणा राहतो. या अल्बमच्या वाटेने जायचं तर दुसरा प्रकार आधी करून बघा.

वाजवताना एकच पथ्य: कीबोर्ड वरच्या सप्तकात, गिटार खालच्या. दोघं मधल्या सप्तकात घुसले की नुसता कालवा होतो. आणि प्रतिध्वनीचं बटण बंद ठेवा, कितीही मोह झाला तरी.

१७. 'हा बँड गाणं नसलेला' म्हणता, पण मला त्यांच्या एका रचनेत आवाज ऐकू आला!

तुम्ही पुढचा अल्बम ऐकलात. पहिल्या अल्बमनंतर १९९७ मध्ये 'सरेंडर टू द नाइट' आणि १९९८ मध्ये 'द सर्व्हेलन्स' आले. १९९९ च्या 'फ्यूचरवर्ल्ड' मध्ये मात्र गायन शिरलं, तेही व्होकोडर या यंत्रातून, म्हणजे माणूस कीबोर्डच्या गळ्याने बोलतोय असं वाटणारं. २००४ च्या 'लिबरेशन' मध्ये तर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या भाषणांचे तुकडे कापून जोडलेत. तेव्हा 'वाद्यवादी बँड' हे वर्णन पहिल्या काही वर्षांपुरतं नीट लागू पडतं.

१८. हा आवडला. आता पुढे काय ऐकू?

त्यांचंच ऐकायचं तर 'सरेंडर टू द नाइट'. त्यात गिटार आणि यंत्र जास्त जवळ येतात. मागे जायचं तर नॉयचा पहिला अल्बम (प्रश्न ८). पुढे यायचं तर न्यूयॉर्कच्या रॅटॅटॅट या जोडीचा २००४ चा पहिला अल्बम: तोही गिटार आणि सिंथचा (विजेच्या कीबोर्डचा), जवळजवळ शब्दांविना, पण तिथे दोघं एकत्र नांदतात आणि गिटार जुळ्या बहिणींसारख्या एकमेकींच्या वरच्या-खालच्या स्वरात गातात. ऐकायला सोपा आहे. मला स्वतःला भांडणारं घर जास्त आवडतं.

१९. यातला तुकडा आमच्या लघुपटाला लावला तर चालेल का? शब्द नाहीत म्हणजे हक्क नसतील ना?

असतात, आणि दोन असतात: एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. शब्द असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, तेव्हा १९९६ च्या अल्बमला अजून बराच वेळ आहे. परवानगीसाठी आधी कंपनीला लिहा. दोन्ही हक्कांची परवानगी लागेल हे पत्रातच नमूद करा. आणि तोवर प्रश्न १६ मधला कॅसिओ बाहेर काढून स्वतःच काहीतरी वाजवून बघा; लघुपटवाल्या मुलांनी शेवटी तेच केलं.